जुन्या एक-सिलिंडर ६५० चे इंजिन उघडायचेच आहे, तर बिग बोर किट (सिलिंडर आतून रुंद करून बसवायचा मोठा पिस्टन) बसवावे का?

माळवाट

नमस्कार. माझ्याकडे ६५० वर्गातली, एअर-कूल्ड, कार्बोरेटरची एक-सिलिंडर अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल आहे. बोर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८२ मिमी, कॉम्प्रेशन ९.५ ला १, सिलिंडरला आतून लोखंडी लायनर, म्हणजे अस्तर. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या मापांच्या आसपासची इंजिने अनेकांनी बनवली आहेत आणि माझा प्रश्न त्या सगळ्यांना लागू पडतो. गाडी ५८,००० किमी चालली आहे आणि इंजिन आजवर एकदाही उघडलेले नाही.

गेल्या वर्षभरात ती तेल पिऊ लागली आहे. दर हजार किलोमीटरला साधारण ६०० मिली तेल घालावे लागते. सामान लादून लांब चढण चढताना जिथे पूर्वी चौथा गिअर पुरत असे, तिथे आता तिसरा टाकावा लागतो. कच्च्या उतारावरून थ्रॉटल बंद ठेवून आल्यावर पुन्हा उघडला, की मागून येणाऱ्या सोबत्याला निळसर धूर दिसतो. इंजिन उतरवावे लागणार हे मी मनाशी धरले आहे. उघडायचेच आहे तर साध्या ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा किंचित मोठ्या) पिस्टनऐवजी १०२.५ मिमीचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन बसवावा, म्हणजे झीजही निघेल आणि चढणीला दमही मिळेल, असा माझा विचार आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

पान्हाबारा

माळवाट, किटचा विचार थोडा बाजूला ठेवा, कारण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांत अजून एकही माप नाही. तेल दोन वाटांनी जळते. एक वाट पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून आणि दुसरी व्हॉल्व्ह गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीच्या) सीलमधून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या दोन मिनिटांत धूर येत असेल तर संशय सीलवर जातो. पूर्ण थ्रॉटलवर, ओझ्याखाली सतत धूर येत असेल तर तो रिंगांवर जातो. तुम्ही सांगितलेला, उतारानंतर थ्रॉटल उघडतानाचा धूर मात्र दोन्हीकडून येऊ शकतो, कारण थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये मोठी पोकळी तयार होते आणि ती जिथून मिळेल तिथून तेल ओढून घेते. त्यामुळे नुसत्या धुरावरून निदान करू नका.

कॉम्प्रेशन गेज लावून आकडा बघायचा मोहही टाळा. बहुतेक मोठ्या एक-सिलिंडर इंजिनांत कॅमवर ऑटोमॅटिक डीकॉम्प्रेसर असतो. स्टार्टरने इंजिन फिरत असताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, म्हणून चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो आणि मालक उगाच घाबरतो. लीक-डाउन चाचणी करा. इंजिन गरम असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) घट्ट धरून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन धडधाकट आहे, वीसच्या वर असेल तर काम आहे. टक्क्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते कान लावून ऐकणे. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि तेलाचे झाकण उघडल्यावर तिथून वारा आला तर रिंगा व सिलिंडर.

एक विनंती आहे. ६०० मिली हा आकडा तुम्ही सहज लिहून गेलात, पण अशा इंजिनात एकूण तेल असते दोन-अडीच लिटरच्या आसपास. हजार किलोमीटरच्या प्रवासात त्यातले पाव ते तृतीयांश कमी होत असेल, तर उरलेले तेल तेवढीच उष्णता वाहून नेताना अधिक तापते. इंजिन उघडेपर्यंत रोज सकाळी, गाडी सरळ उभी करून, तेल बघितल्याशिवाय निघू नका.

चढणघाट

मी अशाच मापाच्या इंजिनात १०२.५ मिमीचे किट बसवून २१,००० किमी केले आहेत, म्हणून लिहितो. फरक खरा आहे. तो वरच्या आरपीएमला फारसा जाणवत नाही. तीन हजारांच्या आसपास, दगडांतून हळू चढताना, क्लच न दाबता गाडी पुढे सरकते तिथे तो जाणवतो. मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

पण ते किट कुणी नुसते डब्यातून काढून बसवू नये. माझा मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) दोन माप वाढवावा लागला. पहिल्या उन्हाळ्यात तेल पूर्वीपेक्षा जास्त तापू लागले, म्हणून मोठा ऑईल कूलर लावावा लागला. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर ओतीव पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे त्याला भिंतीपाशी जागा जास्त द्यावी लागते. थंड इंजिनात पहिली काही मिनिटे पिस्टनचा टकटक आवाज येतो आणि तोपर्यंत गाडी हळू चालवावी लागते. हे सगळे पाळले तर इंजिन टिकते.

स्ट्रोकमोजणी

आकडे मांडून पाहू, म्हणजे कशाच्या बदल्यात काय मिळते ते दिसेल. १०० × ८२ म्हणजे ६४४ घनसेमी. बोर १०२.५ केला की ६७७ होतात, म्हणजे पाच टक्के वाढ. कंबश्चन चेंबर (पिस्टनवरची जळणाची जागा) तसेच ठेवले तर कॉम्प्रेशन ९.५ वरून ९.९ च्या थोडे वर जाते, आणि एवढे साध्या पेट्रोलवर सहसा चालून जाते. मात्र काही जण ११० मिमीपर्यंत, म्हणजे ७८० घनसेमीपर्यंत जातात. तिथे सपाट पिस्टन आणि मूळ चेंबर ठेवले तर कॉम्प्रेशन ११.३ होते. एअर-कूल्ड हेडला (सिलिंडरच्या माथ्याला), हळू वेगात, मागून वारा असताना ते सोसवेलच असे नाही, आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू झाले तर पिस्टनच्या कडा आधी जातात. म्हणून अशा किटांत पिस्टनचा माथा खोलगट ठेवून कॉम्प्रेशन खाली आणावे लागते.

आता दुसरी बाजू. पूर्ण भारावर सिलिंडरमधला कमाल दाब ६० बार धरला, तर १०० मिमीच्या पिस्टनवर सुमारे ४७ हजार न्यूटनचा जोर येतो आणि १०२.५ च्या पिस्टनवर साडेएकोणपन्नास हजारांचा. दोन-चार सिलिंडरच्या इंजिनात हा जोर वाटला जातो. इथे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदाच, एकाच ठोक्यात, तो बिग एंड बेअरिंगवर (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या), क्लचच्या बास्केटवर आणि गिअरच्या दातांवर पडतो. किट सिलिंडरपुरते असते, पण खालचे सगळे भाग जुन्या हिशेबाचेच राहतात.

कारखाने स्वतः इंजिन वाढवतात तेव्हा काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. होंडाने सीआरएफ २५०एल चे ३००एल केले तेव्हा ७६ मिमी बोर तसाच ठेवून स्ट्रोक ५५ वरून ६३ केला. केटीएमने ६५४ चे ६९० केले तेव्हा बोर १०२ च राहिला, स्ट्रोक ८० वरून ८४.५ झाला. ३९० अ‍ॅडव्हेंचरचे इंजिन ३७३ वरून ३९९ झाले तेही ८९ मिमी बोर कायम ठेवून, ६० चा स्ट्रोक ६४ करून. त्यांना नवा क्रँक, त्याला जुळणारा बॅलन्सर (कंपने कमी करणारे वजन) आणि नवे इंधनाचे गणित एकत्र बसवता येते. आपल्या हाती मात्र फक्त बोर असतो. हिमालयनचे उदाहरण उलटे आहे. ४११ मध्ये ७८ × ८६ होते आणि ४५२ मध्ये ८४ × ८१.५ झाले, म्हणजे बोर वाढला आणि स्ट्रोक घटला. पण ते पूर्ण नवे, वॉटर-कूल्ड इंजिन आहे, जुन्यावर चढवलेली सुधारणा नव्हे.

सातवादात

माळवाट यांना चढणीला दम हवा आहे, म्हणून एक साधा हिशेब. पुढचे स्प्रॉकेट १५ दातांचे असेल आणि १४ चे लावले, तर मागच्या चाकावरचा ओढा प्रत्येक गिअरमध्ये सात टक्क्यांनी वाढतो. किटमधून मिळणारी वाढ पाचच्या आसपास आहे. स्प्रॉकेट अर्ध्या तासात बदलता येते आणि नको वाटले तर परत लावता येते. तोटा एवढाच, की त्याच वेगाला आरपीएमही सात टक्क्यांनी वाढतात, म्हणजे जिथे ४,५०० वर जात होता तिथे ४,८०० च्या पुढे जाल. ज्यांचा बराचसा प्रवास सरळ डांबरी रस्त्यावर आहे त्यांना ते कंटाळवाणे होते.

चढणघाट

हिशेब बरोबर आहे, पण अनुभव वेगळा आहे. स्प्रॉकेटने ओढा वाढतो तरी दोन गिअरांमधली पोकळी तशीच राहते आणि कमी आरपीएमला इंजिन बंद पडण्याची भीतीही तशीच राहते. मोठ्या पिस्टनने ती कमी होते.

माळवाट

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून आधी मापे घेतली. खरे सांगायचे तर लीक-डाउन गेज हातात येईपर्यंत माझे मन किटवरच होते.

हवा २४ टक्के निसटत होती. तेलाचे झाकण काढल्यावर तळहाताला वारा लागत होता, आणि अगदी बारीक फुसफुस कार्बोरेटरकडूनही ऐकू येत होती. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांतली फट) मोजले तेव्हा एक्झॉस्टचा गॅप मागच्या नोंदीपेक्षा काहीच बदललेला नव्हता, इनटेकचा मात्र ०.०४ मिमीने कमी झाला होता. मग हेड आणि सिलिंडर काढले. बोर गेजने तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी अशी सहा मापे घेतली. खाली, जिथे रिंगा पोहोचतच नाहीत, तिथे १००.०२. मधे १००.०६. वरच्या टोकाला, रिंग जिथे थांबते त्या कडेच्या जरा खाली, १००.१३. वरची रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजला तर ०.९५ मिमी भरला. होनिंगच्या (तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम घासलेल्या) तिरप्या रेघा खालच्या भागात अजून शाबूत आहेत. वरच्या भागात त्या पूर्ण पुसल्या गेल्या आहेत आणि तिथे लायनर चकचकीत होण्याऐवजी मंद, राखाडी दिसतो. रिंगेचा बाहेरचा काठही तसाच मळकट राखाडी आहे.

हे पाहून मी एअरबॉक्स उघडला. फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे जी बाजू कायम स्वच्छ असायला हवी तिथे, रबरी बूटच्या (एअरबॉक्स ते कार्बोरेटर जोडणाऱ्या नळीच्या) आतून बोट फिरवले. बोटाला पिठासारखी तांबूस धूळ लागली. फिल्टर फाटलेला नव्हता. त्याची खालची कड एका बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर लांब दुमडलेली होती आणि तेवढ्या जागेतून धुळीची एक बारीक रेघ थेट बूटपर्यंत गेलेली होती. हा फिल्टर दर वेळी मीच धुऊन बसवत आलो आहे.

पान्हाबारा

मापे इतकी नीट लिहिलीत याबद्दल आभार. यातून निदान स्पष्ट होते. नुसत्या वयाने झिजलेल्या सिलिंडरमध्येही वरचा भाग जास्त झिजतो, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर सर्वांत पातळ असतो आणि रिंगेमागचा दाब सर्वांत जास्त असतो. पण तो भाग सहसा गुळगुळीत, आरशासारखा होतो. राखाडी, मंद पृष्ठभाग म्हणजे बारीक वाळूने घासल्यासारखी झीज. इनटेकचाच गॅप कमी होणे हीसुद्धा त्याच धुळीची खूण आहे, कारण सीट घासून व्हॉल्व्ह वर सरकतो. एरवी आधी एक्झॉस्टचा गॅप कमी होतो, कारण उष्णता तिकडे जास्त असते. तुमच्याकडे एक्झॉस्ट जागेवर आहे आणि इनटेक हलला आहे, हे फार बोलके आहे.

म्हणून एवढेच म्हणतो, की इंजिनाला दम कमी पडत नव्हता, दम बाहेर निसटत होता. ०.९५ चा गॅप घेऊन चढणारी गाडी तिसरा गिअर मागणारच.

कालच जुने तेल काढले असेल तर त्यातले थोडे बाटलीत ठेवा. तेलाची तपासणी करून मिळाली तर सिलिकॉन आणि लोह यांचे आकडे पाहा. दोन्ही सोबत वाढलेले दिसले, की धूळ आत जाऊन लायनर खरवडला गेला यात शंका राहत नाही. बिग एंडसुद्धा आत्ताच बघून घ्या. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा, तिथे जाणवेल एवढी ढिलाई अजिबात नको. बाजूला थोडा हलणे ठीक आहे, त्याचे माप मॅन्युअलमध्ये दिलेले असते. धूळ मिसळलेले तेल त्या बेअरिंगमधूनही फिरले आहे.

तेलवात

फिल्टरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या गाड्यांची निम्म्याहून अधिक इंजिने तिथेच संपतात असे माझे मत आहे. फोमचा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. फिल्टरचे तेल लावून मुठीत दाबत राहा, पिळू मात्र नका, पिळल्याने सांधा उसवतो. सगळीकडे एकच रंग दिसला की तेल सारखे पसरले. जास्त झालेले तेल खाली उतरून साचते आणि वरचा भाग कोरडा पडतो, म्हणून जास्त म्हणजे चांगले असे समजू नका. कडेला, जिथे फोम पिंजऱ्याला टेकतो तिथे, वॉटरप्रूफ ग्रीसची बारीक वळी फिरवा आणि बसवल्यावर विजेरी लावून चारही बाजू डोळ्यांनी पाहा. खालची कड हाताला लागत नाही, त्यामुळे तीच दुमडलेली राहते.

एक जुनी युक्ती आहे. बूट आतून स्वच्छ पुसून त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून ठेवायचा. धुळीतल्या दोन दिवसांच्या प्रवासानंतर तिथे बोट लावायचे. कण हाताला लागले तर हवा कुठून तरी चोरवाटेने येते आहे. बूटचा क्लॅम्प, क्रँककेसच्या श्वासनळीचे तोंड आणि एअरबॉक्सची पाणी काढणारी रबरी टोपी, या तीन जागा लोक विसरतात.

नवखाचालक

माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. तिच्यात बोर वाढवला तर संगणक आपोआप पेट्रोल वाढवत नाही का?

स्ट्रोकमोजणी

थोडेच, आणि सगळीकडे नाही. ऑक्सिजन सेन्सर शांत, सारख्या वेगात मिश्रण १४.७ च्या (एका भाग पेट्रोलला हवेचे भाग) आसपास धरून ठेवतो, तिथे तो चूक भरून काढतो. पण ज्या वेळी इंजिनावर खरा भार असतो तेव्हा बऱ्याच गाड्यांत संगणक सेन्सरकडे न पाहता ठरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. थ्रॉटल किती उघडला आणि आरपीएम किती, एवढेच त्याला कळते, सिलिंडर मोठा झाला हे कळत नाही. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर, जिथे साडेबारा ते तेराचे मिश्रण हवे, तिथेच ते पातळ पडते आणि हेड तापते. नकाशा, म्हणजे हा पेट्रोलचा तक्ता, बदलल्याशिवाय किट बसवू नका. शिवाय पुष्कळ नव्या सिलिंडरांना लोखंडी लायनर नसतो, अ‍ॅल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. तो फार कमी झिजतो, पण झिजला किंवा खरवडला तर नेहमीच्या पद्धतीने बोअर मारता (आतून कापून मोठा करता) येत नाही. मुलामा पुन्हा चढवावा लागतो, नाहीतर नवा सिलिंडर घ्यावा लागतो.

चढणघाट

माळवाट, तुमच्या लायनरला तसाही बोअर मारावाच लागणार. मग ०.५० मिमीच्या ओव्हरसाइझवर थांबून उपयोग काय? कष्ट तेच आहेत.

पान्हाबारा

कष्ट तेच असले तरी लायनर तोच राहत नाही. १०२.५ ला प्रत्येक बाजूने सव्वा मिलिमीटर लोखंड जाते आणि पुढच्या खेपेसाठी फारसे काही उरत नाही. १००.५० केले तर पाव मिलिमीटर जाते आणि १०१.०० चा मार्ग मोकळा राहतो. पातळ लायनर एअर-कूल्ड सिलिंडरमध्ये तापल्यावर गोल राहण्याबाबतही कमी भरवशाचा असतो, आणि गोलाई गेली की रिंगा पुन्हा तेल सोडू लागतात. जो माणूस इंजिन दर दोन वर्षांनी उघडणार आहे त्याने किट जरूर लावावे. ज्याला पुढचे ५०,००० किमी उघडायचे नाही त्याने लोखंड राखावे.

चढणघाट

लायनरच्या जाडीचा मुद्दा मला मान्य आहे. मी किट बसवले तेव्हा माझा सिलिंडर जेमतेम ०.०५ झिजलेला होता आणि फिल्टरची बाजू स्वच्छ होती, ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवी होती.

माळवाट

काम पूर्ण होऊन ३,२०० किमी झाले, म्हणून नोंद करतो. ०.५० ओव्हरसाइझचा ओतीव पिस्टन घेतला. बोअर मारणाऱ्याच्या हातात आधी पिस्टन दिला, कारण त्याचे प्रत्यक्ष माप घेऊनच बोर किती ठेवायचा ते ठरते. पिस्टन आणि भिंत यांत ०.०५ मिमी जागा ठेवली. वरच्या रिंगेचा गॅप ०.३० निघाला होता, तो बारीक कानशीने दोन्ही टोके सरळ ठेवत ०.४० केला, म्हणजे बोरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी. इनटेकच्या सीटा कापून घेतल्या, गाइडचे सील बदलले, टायमिंग चेन ताणली गेली होती म्हणून तीही बदलली. बिग एंड हाताला घट्ट लागला. तेलाच्या तपासणीत सिलिकॉन आणि लोह दोन्ही चढलेले आले.

रिंगा बसवण्यासाठी पहिले शंभर किलोमीटर नुसते हळू चालवले नाही. मध्यम भार, थ्रॉटल उघडणे आणि पूर्ण सोडणे, एकाच वेगावर रेंगाळणे नाही, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे नाही. शंभरला तेल बदलले, आठशेला पुन्हा बदलले. आता लीक-डाउन ६ टक्के आहे. शेवटच्या दोन हजार किलोमीटरमध्ये तेल जेमतेम शंभर मिली घालावे लागले. १४ दातांचे स्प्रॉकेट आणून ठेवले होते, ते अजून लावलेले नाही, कारण तीच चढण, तेच सामान घेऊन, गाडी चौथ्या गिअरमध्ये चढली.

तेलवात यांनी सांगितल्याप्रमाणे बूटला ग्रीस लावून तीन दिवस धुळीतून फिरलो. पहिल्या खेपेला दोन-तीन कण लागले, बूटचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल होता. तो आवळल्यावर दुसऱ्या खेपेला बोट स्वच्छ आले.